वूलोंगकोची भिंत : झेंगझोऊ मेट्रो, २० जुलै २०२१

भुयारी मेट्रोत पाणी शिरलं म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते स्टेशनच्या जिन्यावरून धो धो कोसळणारं पाणी. मोबाइलवर फिरणारे व्हिडिओही तेच दाखवतात. चीनमधल्या झेंगझोऊ शहरात २० जुलै २०२१ च्या संध्याकाळी ज्या पाण्यात मेट्रोचे १४ प्रवासी गेले, ते मात्र जिन्याने आलंच नव्हतं. ते आलं कारशेडमधून. तिथली पाणी अडवणारी भिंत पडली आणि शहराच्या पश्चिम भागात तुंबलेलं पाणी उतारावरून थेट बोगद्यात घुसलं. भिंत अशी का होती, कारशेड तिथे इतकं खाली का होतं आणि भिंत पडेपर्यंत गाड्या धावत का होत्या, या तीन प्रश्नांत हे सगळं प्रकरण सामावलेलं आहे.

झेंगझोऊ ही हेनान प्रांताची राजधानी. पिवळ्या नदीच्या दक्षिणेला वसलेलं, सव्वा कोट वस्तीचं शहर. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे चीनचे दोन मोठे लोहमार्ग इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे रेल्वे इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेली. पाऊस मात्र तसा बेताचाच. वर्षाची सरासरी ६४०.८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या पुण्याच्या आसपासची. मेट्रोची ५ क्रमांकाची मार्गिका मे २०१९ मध्ये सुरू झाली. शहराभोवती वर्तुळ काढणारी, सुमारे ४० किलोमीटरची, ३२ स्थानकांची. अपघात झाला तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. जुनाट, गळका बोगदा असं कारण इथे पुढे करता येत नाही.

पाऊस

१७ जुलैच्या रात्री ८ पासून २० जुलैच्या रात्री ८ पर्यंत शहरात ६१७.१ मिमी पाऊस पडला. वर्षभराचा जवळजवळ सगळा पाऊस तीन दिवसांत. त्यातही २० तारखेला दुपारी ४ ते ५ या एका तासात २०१.९ मिमी. चीनच्या मुख्य भूमीवर एका तासात इतका पाऊस त्याआधी कधीच नोंदला गेला नव्हता. आधीचा उच्चांक १९७५ च्या ऑगस्टमधला, १९८.५ मिमीचा, आणि तोही हेनानमधलाच.

हा आकडा नुसता ऐकून डोक्यात शिरत नाही, म्हणून थोडा हिशेब. एक चौरस किलोमीटर जागेवर २०१.९ मिमी पाऊस पडला तर पाणी होतं सुमारे २० कोटी लिटर. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला तर वीस हजार टँकर, एका तासात, एका चौरस किलोमीटरवर. आणि शहर शेकडो चौरस किलोमीटरचं. कुठलीही गटार योजना हे पोटात घेऊ शकत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. त्या दिवशी शहरात पाणी तुंबणं अटळच होतं. ते बोगद्यात जाणं अटळ होतं का, एवढाच मुद्दा उरतो.

‘असला पाऊस तिकडे पडतो’ असं म्हणायचीही सोय नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला हे मुंबईकराला पाठ असतं. त्याच दुपारी एका तासात १९० मिमीपेक्षा जास्त पडला होता, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिमी धरून बांधलेली. ती सुधारण्यासाठीच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाने ते प्रमाण ५० वर न्यायचं ठरवलं. १९० आणि २०१.९ यांच्यात गटाराच्या दृष्टीने काही फरक नाही.

कारशेड

भुयारी मेट्रोचा एक भाग बहुतेक प्रवाशांना कधीच दिसत नाही. रात्री गाड्या उभ्या करायच्या, धुवायच्या, दुरुस्त करायच्या तर त्यांना वर, उजेडात यावं लागतं. म्हणजे कारशेड जमिनीवर, आणि तिथून उतरत उतरत बोगद्यात जाणारा रूळ. जिथे हा उतार जमिनीखाली शिरतो ते बोगद्याचं तोंड. स्टेशनच्या दाराला तीन-चार पायऱ्या वर चढवता येतात, फळ्या लावून पाणी अडवता येतं, वाळूची पोती रचता येतात. या तोंडाला पायऱ्या कशा करणार? गाडी जाण्याइतकं ते सताड उघडंच राहणार. त्यामुळे त्याचं रक्षण मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून: आजूबाजूच्या जमिनीची पातळी आणि भोवतीची भिंत. अमेरिकेत बॉस्टनला हा धडा १९९६ च्या ऑक्टोबरमध्येच मिळाला होता. मडी नदीचं पाणी फेनवेजवळच्या अशाच तोंडातून ग्रीन लाइन मेट्रोत शिरलं आणि केनमोर स्टेशन बुडालं.

५ क्रमांकाच्या मार्गिकेचं असं एक कारशेड वूलोंगको नावाच्या भागात आहे. भाग मुळात सखल. चीनच्या केंद्रीय सरकारच्या चौकशी पथकाने जानेवारी २०२२ मध्ये अहवाल जाहीर केला, त्यात या कारशेडची सगळी कुंडली आहे. मूळ आराखड्यात बदल केला गेला आणि आवाराची पातळी १.९७३ मीटरने खाली गेली. बदलाला नियमाप्रमाणे मंजुरी घेतलेली नव्हती. आधीच खोलगट जागा, त्यात आणखी दोन मीटर खोली. भोवतीच्या पाणी अडवणाऱ्या भिंतीचं काम कसं चाललं आहे याकडेही कुणी नीट पाहिलं नाही. बांधणाऱ्याने पाहिलं नाही, देखरेख करणाऱ्याने पाहिलं नाही, ताबा घेणाऱ्याने पाहिलं नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी वाचताना माणूस झेंगझोऊ विसरून आपल्याच वॉर्डात येऊन पोहोचतो. कारशेडजवळून पाणी वाहून नेणारा उघडा नाला होता. त्याच्या सुमारे ५८ मीटर लांबीवर नियम डावलून झाकणं टाकलेली होती, त्यामुळे वरचं पाणी नाल्यात उतरायला वाटच कमी झाली. उरलेल्या भागात माती आणि बांधकामाचा राडारोडा. नाल्यावर स्लॅब आणि नाल्यात राडारोडा, हे दृश्य आपल्याकडच्या कुठल्याही शहरात दाखवता येईल. मेट्रोच्या कुठल्याही नकाशावर तो नाला नसतो. मेट्रोच्या इंजिनिअरचा तो विषय नाही, आणि नाला पाहणाऱ्या खात्याला बोगद्याशी देणंघेणं नाही. २० जुलैला पाण्याला मात्र दोन्ही खात्यांची हद्द सारखीच होती.

मला या प्रकरणात सगळ्यात बोचतो तो १.९७३ हा आकडा. मिलिमीटरपर्यंत मोजलेला. म्हणजे कुणीतरी तो नकाशावर नीट काढला होता, दुसऱ्या कुणीतरी तपासला होता, तिसऱ्याने सही केली होती. निष्काळजीपणा म्हटलं की आपल्याला अंदाजपंचे कारभार आठवतो. इथे सगळं काटेकोर होतं, फक्त पाण्याचा विचार त्यात नव्हता.

गाडी

गाडीचा क्रमांक ०४५०२. हायतान्सी आणि शाकोउलू या दोन स्थानकांच्या मध्ये ती होती. वेळ पाच ते सहाच्या दरम्यानची, म्हणजे ऑफिसं सुटायची. रस्ते तुंबलेले, बस बंद पडलेल्या, त्यामुळे घरी जायला मेट्रोच बरी असं वाटून लोक खाली उतरले होते.

पुढे बोगद्यात पाणी आहे हे कळल्यावर चालकाने गाडी थांबवली आणि नियंत्रण कक्षाला कळवलं. त्यानंतर गाडी मागे घेण्यात आली. सुमारे ३० मीटर. दोन डब्यांचीही लांबी नाही ही, पण या ३० मीटरमध्ये गाडी आधीच्या जागेपेक्षा सुमारे ७५ सेंटीमीटर खाली आली.

बोगदा आतून सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. दोन स्टेशनांच्या मध्ये रूळ सहसा खाली उतरतो आणि पुढच्या स्टेशनकडे पुन्हा चढतो. गाडीला निघताना उताराची मदत होते, थांबताना चढाची, वीज वाचते. झिरपलेलं पाणी मधल्या खोलगट जागी जमतं आणि तिथले पंप ते वर फेकतात. हे पंप झिरपा आणि आग विझवताना सांडलेलं पाणी यांच्या हिशेबाने बसवलेले असतात. अख्खा मोहल्ला रिकामा होऊन आत आला तर ते काय करणार. तेव्हा पाणी वाढत असताना गाडीसाठी उंच जागा म्हणजे स्टेशन आणि वाईट जागा म्हणजे दोन स्टेशनांच्या मधला भाग. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मात्र रूळ ही एक आडवी रेघ असते. तिच्यात चढ-उतार दिसत नाहीत. ७५ सेंटीमीटर म्हणजे उभ्या माणसाच्या मांडीच्या वरपर्यंतचं पाणी. गुडघ्यापर्यंत आणि छातीपर्यंत यांच्यातला हा फरक.

मग वीज गेली आणि गाडी जागच्या जागी अडकली.

वाचलेल्यांनी सांगितलेलं पुढचं सगळं जगाने पाहिलं, कारण डब्यात अडकलेल्या लोकांनीच ते मोबाइलवर टिपलं. काही प्रवाशांना बाहेर काढून बोगद्याच्या कडेच्या अरुंद कठड्यावरून चालवण्याचा प्रयत्न झाला. प्रवाहाचा जोर वाढल्यावर अनेकांना पुन्हा डब्यात परतावं लागलं. गाडी उतारावर तिरकी उभी असल्याने मागच्या डब्यांत पाणी जास्त. काचेबाहेरच्या काळ्या पाण्याची पातळी आतल्यापेक्षा वर. माणसं आसनांवर उभी राहिली, वरच्या दांड्यांना लटकली, कुणी मुलांना खांद्यावर घेतलं. पाणी छातीपर्यंत, बुटक्या माणसांच्या मानेपर्यंत आल्यावर हवा कोंदायला लागली. तेव्हा अग्निशामक नळकांड्याने खिडकीचा वरचा भाग फोडला गेला आणि त्या फटीतून श्वास घेता आला. घरच्यांना निरोप पाठवून मोबाइलची बॅटरी जपत लोक उभे होते.

बचाव पथकं पोहोचून माणसं बाहेर निघायला रात्र झाली. अहवालाप्रमाणे ९५३ जण सुखरूप बाहेर आले, १४ गेले.

घड्याळ

भिंत, नाला, पातळी हे सगळं अनेक वर्षांत साचलेलं. त्या दुपारी ते दुरुस्त करणं कुणाच्याच हातात नव्हतं. गाड्या थांबवणं मात्र हातात होतं.

झेंगझोऊच्या हवामान विभागाने १९ जुलैच्या रात्री ९.५९ पासून २० जुलैच्या दुपारी ४.०१ पर्यंत पावसाचे पाच लाल इशारे दिले. लाल म्हणजे सगळ्यात वरचा. त्या पातळीला शाळा, व्यवसाय, गर्दीचे कार्यक्रम थांबवावेत असं इशाऱ्याच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं असतं. शहराने सर्वोच्च आपत्कालीन स्थिती जाहीर केली ती दुपारी ४.३० ला. म्हणजे पाचवा इशारा येऊन अर्धा तास झाल्यावर, तो विक्रमी तास निम्मा पडून गेल्यावर. मेट्रोच्या स्टेशनांतून आणि कारशेडमधून दुपारी तीन-चारपासूनच पाण्याच्या खबरा येत होत्या. तरी सगळं जाळं बंद करण्याचा हुकूम निघाला तो सहा वाजून गेल्यावर, तोवर ही गाडी बोगद्यात अडकलेली होती.

इथे सरळ दोषारोप करून मोकळं होणं सोपं आहे. पण कंट्रोल रूममधल्या माणसाच्या जागी बसून पाहिलं तर अडचण खरी होती. संध्याकाळच्या गर्दीत मेट्रो बंद करायची म्हणजे हजारो माणसं तुंबलेल्या रस्त्यावर सोडायची. त्याच दिवशी झेंगझोऊच्या जिंगगुआंग रस्त्यावरच्या वाहनबोगद्यात २४७ गाड्या बुडाल्या आणि सहा जण मेले. वर सुरक्षित होतं असं कुणी म्हणू नये.

फक्त गाड्या थांबवणं आणि लोकांना रस्त्यावर काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी पुढच्या स्टेशनात नेऊन दारं उघडी ठेवून उभी करता येते. तिकीटघराच्या मजल्यावर माणसं बसून राहू शकतात. हाल होतात, आरडाओरड होते, दुसऱ्या दिवशी पेपरात ‘प्रवाशांचे हाल’ असा मथळा येतो, आणि पाऊस तासाभरात ओसरला तर ज्याने निर्णय घेतला त्याला सगळे हसतात. माझ्या मते खरी गोम इथे आहे. गाड्या चालू ठेवल्याबद्दल कुणाला जाब विचारला जात नाही. विनाकारण थांबवल्याबद्दल विचारला जातो. अशा व्यवस्थेत प्रत्येक जण वरच्याची वाट पाहतो. अपघातानंतर दोनच दिवसांनी, २२ जुलैला, चीनच्या परिवहन मंत्रालयाने देशभरातल्या मेट्रोंना तातडीचा आदेश काढला: पाऊस आराखड्यात धरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की गाड्या थांबवा, प्रवाशांना बाहेर काढा, स्टेशनं बंद करा. म्हणजे उणीव कुठे होती ते मंत्रालयाला ४८ तासांत कळलं होतं.

अहवाल

चीनसारख्या देशात असा अहवाल बाहेर येणं आणि त्यात इतका तपशील असणं, हेच मुळात नवल. सूर साधारण असा: एकूण आपत्ती निसर्गाची, पण मेट्रो आणि वाहनबोगदा या घटना माणसांच्या चुकांच्या. ८९ सरकारी अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, संबंधित कंपन्यांतल्या आठ जणांवर पोलिसांनी गुन्हे दाखल केले. झेंगझोऊतले मृत आणि बेपत्ता मिळून ३८० होते आणि त्यांपैकी १३९ जणांची माहिती शहराने वेगवेगळ्या टप्प्यांवर दडवली, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. घटनेनंतर आठवडाभरात शाकोउलू स्टेशनच्या दाराशी लोकांनी फुलांचे गुच्छ आणून ठेवले, तेव्हा त्यांच्याभोवती पिवळे अडसर उभे केले गेले. लोकांनीच ते बाजूला काढले.

पैशाचाही हिशेब आहे. पावसाचं पाणी जिरवणारं ‘स्पंज शहर’ म्हणून झेंगझोऊने मोठा खर्च दाखवला होता. चौकशीत निघालं की त्यातला जेमतेम ३२ टक्के पैसा खरोखर त्या कामावर गेला. निम्म्याहून जास्त बागबगीचे आणि सुशोभीकरणावर. सुशोभीकरण हा शब्द वाचून आपल्याकडचा वाचक दचकणार नाही.

वरळी आणि कात्रज

मुंबईत मेट्रो ३ चा वांद्रे-कुर्ला संकुल ते आचार्य अत्रे चौक हा टप्पा मे २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. २६ मे रोजी मान्सून मुंबईत विक्रमी लवकर आला आणि त्याच दिवशी आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं. मुंबई मेट्रो रेल महामंडळाच्या खुलाशानुसार डॉ. अ‍ॅनी बेझंट रस्त्यावरच्या, बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराजवळची पाणी अडवणारी काँक्रीटची भिंत शेजारच्या वाहिनीतून अचानक आलेल्या लोंढ्याने कोसळली. गाड्या वरळीपर्यंतच चालवल्या गेल्या. कुणाला इजा झाली नाही. कंत्राटदाराला दहा लाखांचा दंड झाला.

जीवितहानीच्या बाबतीत या दोन घटनांची तुलनाच होऊ शकत नाही आणि कुणी करूही नये. पण पाण्याची वाट तीच आहे. पूर्ण झालेलं, दारं-पायऱ्या-फळ्या असलेलं प्रवेशद्वार नाही, तर अर्धवट राहिलेलं, तात्पुरती भिंत असलेलं. शिवाय पाणी आलं ते मेट्रोच्या हद्दीबाहेरच्या वाहिनीतून. मुंबईत गाड्या वरळीला थांबवण्याचा निर्णय तातडीने झाला, हा मोठाच फरक, आणि तो नोंदवायला हवा. चौकशीत भिंत कशी पडली हे शोधतातच. निर्णय कुणी, कोणत्या मिनिटाला, कोणत्या आधारावर घेतला हेही तितक्याच बारकाईने लिहून जाहीर करायला हवं होतं. चांगला निर्णयसुद्धा कागदावर नसेल तर पुढच्या पाळीतल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

पुण्यात स्वारगेटपर्यंतची भुयारी मार्गिका सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, आणि स्वारगेट ते कात्रज या पुढच्या भुयारी टप्प्याची पायाभरणी त्याच वेळी झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने याच पट्ट्यात, कात्रजपासून खाली सोसायट्यांच्या भिंती पाडत, काय केलं ते सहकारनगर-पद्मावतीच्या लोकांना सांगायला नको. नव्या स्टेशनांच्या दारांची आणि व्हेंटिलेशन शाफ्टच्या तोंडांची उंची त्या रात्रीच्या पाण्याच्या खुणांवरून ठरली आहे की रस्त्याच्या आजच्या पातळीवरून, हे महामेट्रोला आणि महापालिकेला एकत्र बसवून विचारायला हवं. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर जोडीला आणखी एक प्रश्न घालावा: काम चालू असतानाच्या पावसाळ्यांत खड्ड्याभोवतीच्या तात्पुरत्या भिंती कोण तपासणार, आणि त्या नोंदवहीवर सही कुणाची असणार.